बारा लूमवाली वंदना

सुरतच्या डिंडोलीत आम्ही लूमवाले चहाला जमलो, की विषय कुठूनही निघो, गाडी वंदनावरच येते! एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा तयार. सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

भिका नाना, म्हणजे तिचे वडील, धुळ्याकडून बायको-पोरीला घेऊन सुरतला आले. एका खोलीत संसार. नानांनी आठ तास आमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायची, मग दुसरी पाळी, आठ तास शेजारच्या खात्यात. खोकला कायमचा. मोठी झाल्यावर वंदनाही आमच्याच खात्यात लागली. बारा लूम सांभाळायची, म्हणजे पाळीभर नुसतं चालायचं!

*

एकदा सकाळी ती डबा घेऊन कामावर निघाली, तर एक माणूस मागे लागला. तिनं वेग वाढवला. तो पळू लागला. ही चालतेच आहे! शेवटी तो ओरडला, "बेन, हुं कोच छुं!"

वंदना वळून म्हणाली, "मग तुम्हालाच दम का लागलाय?"

*

चालण्याची शर्यत असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. कोच सर घरी आले. "पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीवर हवा."

नाना म्हणाले, "आमच्या खात्यात तोच नियम आहे. पळालं की अंगावरचा कपडा मशीनच्या पट्ट्यात जातो."

सर म्हणाले, देशपातळीवर पदक मिळालं तर नोकरी लागू शकते. वंदनानं एकदा नानांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे मैदानावर! नानांना आराम मिळाला पाहिजे, एवढंच बोलायची.

*

पहिल्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात मैदानावरचा जनरेटर बंद पडला. वंदना गर्रकन वळून मागे चालू लागली! शर्यत गेली. सरांनी कपाळावर हात मारला.

"लूम बंद पडली असं वाटलं," ती म्हणाली.

आम्ही कोणी हसलो नाही. आम्हीही वळलोच असतो.

*

राज्याचं पदक मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर हजर! शेठनं स्वतः मेन स्विच बंद केला. भरदिवसा खातं शांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं.

ती म्हणाली, "शेठ, माल आजच जायचाय ना? चालू करा!"

*

आणि मग देशपातळीची शर्यत. आम्ही मिनीबस करून गेलो. शेवटच्या फेरीत वंदना दुसरी होती, पण दोन्ही पाय हवेत गेले म्हणून दोन लाल कार्डं झालेली. तिसरं लागलं की बाहेर! सर ओरडून दमले, गर्दीत तिला काही ऐकू जाईना.

नाना सरळ जाळीवर चढले. लूमच्या आवाजात आम्ही हातांनीच बोलतो. त्यांनी तळहात दोनदा खाली दाबला: सावकाश. तिनं पाहिलं, चाल सावरली आणि दुसरीच आली. रुप्याचं पदक!

टीव्हीवाला माइक घेऊन धावला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. नानांकडे पाहून दोन बोटं वर केली आणि स्विच ओढावा तसा हात खाली ओढला.



"काकाजी, क्या बोली वो?" टीव्हीवाल्यानं नानांना विचारलं.

नाना डोळे पुसत आपल्या अहिराणीत म्हणाले, "दुसरी पाळी बंद, अशी म्हनी मन्ही पोर." मग घड्याळ बघत माझ्याकडे वळले. "पन आज मन्ही पाळी शे ना भाऊ. बस कव्हय निंघी?"