वन्संच्या काशीतलं मरण

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण विद्युल्लता, शाळेत भूगोल शिकवतात. पण रविवारी दुपारी इथे काशीतच, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या माडीवर त्या खेळातली सबंध काशी चालवतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, कुणी बँकेतला, कुणी विद्यापीठातला. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं, चोर, वैद्य, पहिलवान. आपला माणूस काय करतो ते बोलून दाखवायचं आणि फासे टाकायचे. पुढे काय झालं ते वन्सं सांगणार. मी आधी म्हणायचे, पन्नाशी आली आणि ही कसली नौटंकी? पण चहा घेऊन वर गेले की पाय निघायचा नाही. चोर सुटला की सापडला, ते कळल्याशिवाय खाली कशी येणार?

या खेळाच्या नियमांचं पुस्तकही वन्संनीच लिहिलं. बंगळूरच्या एका खेळ छापणाऱ्या कंपनीचा मालक नीलकंठ, स्वतः खेळाचा वेडा, एकदा आमच्या माडीवर येऊन खेळला आणि म्हणाला, हे लिहून द्या. मुखपृष्ठावर वन्संचं नाव आलं. आल्यागेल्याला त्या ते पुस्तक दाखवायच्या आणि पुसून परत कपाटात ठेवायच्या. त्यातला एक नियम अगदी त्यांचा. दुसऱ्या खेळांत मेलेला माणूस मंत्रानं उठतो, इथे नाही. काशीत मेला तो सुटला, परत कशाला येईल? खेळणाऱ्यानं नवा माणूस घ्यायचा.

एकदा एक जण आला नाही, तेव्हा वन्संनी मला बसवलं. मी झाले शरदिनी नावाडीण. काय तिखट जिभेची होती म्हणून सांगू! मग दर रविवारी मीच खेळायला लागले. पुढे एका पुरात नाव उलटताना शरदिनीनं पोरांना काठावर ढकललं आणि स्वतः बुडाली. फासेच तसे पडले. मी स्वयंपाकघरात येऊन पदर तोंडाला लावून रडले. ह्यांनी विचारलं, "कोण गेलं?" आता काय सांगणार, कप्पाळ?

इकडे बड्या पैसेवाल्यांनी कंपनी विकत घेतली आणि नीलकंठला त्याच्याच खुर्चीवरून उठवलं. दुसरा साहेब आला, तोही टिकला नाही. तिसरा पुण्याचा रत्नाकर, भारी गोड बोलणारा. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा व्हिडिओ कॉलवर वन्संना म्हणत होता, "ताई, आपला माणूस मेला की लोक खेळ सोडतात. माझ्यावरही वरून दबाव आहे. पैसे भरून मोबाइलवर त्याला परत आणता आलं पाहिजे. तुम्ही नियम बदलून द्या. नाहीतर दुसरं कुणीतरी बदलेल, मग पुस्तकावर नाव त्याचं."

खरं सांगते, मला आनंदच झाला. माझी शरदिनी परत येणार!

वन्सं खाली येऊन माझ्याजवळ बसल्या. "वहिनी, आयुष्यात एकदाच कशावर तरी नाव लागलं गं माझं. देऊ का बदलून? तुझी शरदिनीपण मिळेल."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. कणीक मळता मळता हात थांबला. ती उठून आली, तर मग बुडाली ती काय खोटी? आणि मी रडले ते?

"नको वन्सं," मी म्हटलं. "चांगली गेली ती. राहू दे तिला."

वन्संचे डोळे भरले. नावासाठी की शरदिनीसाठी, मी विचारलं नाही. त्यांनी तिथूनच रत्नाकरला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

पुढे नवं पुस्तक आलं. वन्संनी ते उलटसुलट करून पाहिलं, नाव कुठेच नव्हतं. फार वाईट वाटलं हो, दोघींनाही. रविवारी त्यांनी जुनंच पुस्तक उघडलं.

माझा आताचा माणूस वेणीमाधव, दशाश्वमेध घाटावरचा न्हावी. महाभित्रा. बाकी सगळे भुयारात उतरतात, हा वस्तरा धरून दाराशी उभा. बँकेतले मिश्राजी चिडवतात, "चाची, कभी इसको भी अंदर भेजिए." मी नाही पाठवत. एकदा गेला तर परत यायचा नाही तो.