पासवर्ड विचारणारी माणसं

बस स्टँडसमोरच्या लॉजमध्ये काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे काउंटरबाईच म्हणायचे. मालक म्हणायचे, लाँड्रीवाला म्हणायचा, वर्षानुवर्षं येणारे फिरतीवरचे विक्रेतेही तसंच म्हणायचे. नावाने हाक मारणारा उरला होता एक दादा, आणि त्याचा फोन यायचा तोही 'हिला बरं नाही, येऊन राहशील का' असल्या कामापुरता.

लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. नवऱ्याला दुसरीकडे राहायचं होतं आणि तो तिकडे राहायला गेला, एवढंच. मग काही वर्षं दादाच्या घरी काढली. भाची लहान होती तोवर 'आत्या, आत्या' करत पदर धरून असायची. ती मोठी झाली, तिला अभ्यासाला वेगळी खोली हवी झाली, आणि ती खोली नेमकी आत्याची निघाली. 'जा' असं कुणी म्हटलं नाही. बाईंनीच लॉजच्या मागच्या गल्लीत एक खोली बघितली आणि ट्रंक हलवली. एकच खिडकी. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकायचं, तीच काय ती सोबत.

लॉजवर मात्र दिवसभर माणसांचा राबता. आणि येणारा प्रत्येक जण, खोलीची किल्ली हातात पडायच्या आधीच, एकच गोष्ट विचारायचा.

"वायफायचा पासवर्ड काय?"

हे खातं बाईंच्या अखत्यारीतलं. राऊटर बसवणाऱ्याने दिलेला लांबलचक पासवर्ड कुणाला धड टाइप करता येईना, म्हणून बाईंनी तो बदलायला शिकून घेतलं आणि मग दर सोमवारी नवा ठेवायला लागल्या. 'टॉवेलपरतद्या'. 'नळबंदकराहो'. एकदा एक गृहस्थ जिन्यात उभं राहून फोनवर तारस्वरात भांडले, तर पुढच्या सोमवारपासून आठवडाभर 'हळूबोलाजरा' चाललं. ते इंग्रजी अक्षरांत सांगायचं म्हणजे एक कसरतच. "टी, ओ, मग डब्ल्यू. अहो टॉवेल! आपला अंग पुसायचा!" माणूस हसायचा, बाईही हसायच्या. कुठून आलात, काय काम काढलंत, घरी कोण असतं, सगळं तेवढ्यात निघायचं. मग तो किल्ली घेऊन वर जायचा आणि बाई पुढच्या माणसाची वाट बघायच्या. त्यांच्या दिवसातलं बोलणं म्हणजे असे तुकडे.

त्यातल्या त्यात जवळची म्हणावी अशी एक होती. औषध कंपनीची प्रतिनिधी, चाळिशीची, पायात बूट आणि खांद्याला जड बॅग. दर महिन्याला यायची, राहायची, शहरातले दवाखाने पालथे घालायची. बाई तिला औषधताई म्हणायच्या. संध्याकाळी दमून आली की ती खोलीवर न जाता सरळ काउंटरच्या आत यायची, स्टूल ओढायची आणि बूट काढून मोकळी व्हायची.

"आज एका डॉक्टरने अख्खी दुपार बसवून ठेवलं, बाई. आणि शेवटी दारातूनच हात जोडले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही जोडले. वर हसले. हसायचाच तर पगार मिळतो."

बाई चहाचा कप पुढे करायच्या. काउंटरच्या आतल्या बाजूला मालकाशिवाय दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं, त्यामुळे ते स्टूल भरलेलं दिसलं की बाईंना घरी कुणी आल्यासारखं वाटायचं. औषधताई आपल्या सासूबद्दल बोलायची, हाताबाहेर गेलेल्या मुलाबद्दल बोलायची. ती यायची त्या दिवशी बाई केस धुऊन यायच्या. हे अर्थात तिला कधी कळलं नाही.

एका सकाळी मात्र औषधताई जिना उतरली ती तरातरा. चेहरा पांढराफटक. तिने फोन बाईंसमोर आपटल्यासारखा ठेवला.

"वाचा."

अनोळखी नंबरवरून मेसेज होते. 'ओळखपत्रावरच्या फोटोपेक्षा तुम्ही प्रत्यक्षात छान दिसता.' त्याखाली तिच्या घरचा पत्ता, अगदी मजल्यासकट. आणि त्याखाली, 'प्रवासात एकट्याच असता का?'

बाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. मेसेजच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा इवलासा फोटो होता. चेहरा ओळखीचा निघाला. आदल्या संध्याकाळी जास्तीची उशी मागून घेऊन गेलेला पाहुणा.

"हा आपल्याकडेच उतरलाय," बाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर."

"ते पोलीस बघतील. त्याला माझा नंबर दिला कुणी? पत्ता दिला कुणी? ओळखपत्र मी फक्त तुमच्या हातात दिलं होतं."

"मी नाही हो दिलं कुणाला. कॉम्प्युटरवर स्कॅन करून तुम्हालाच परत दिलं."

"मग कुणी दिलं?"

औषधताई त्यांच्याकडे बघत राहिली. "आणि मी तुमच्यापाशी काय काय बोलून बसले," एवढं म्हणून तिने बॅग उचलली आणि दाराबाहेर पडली. स्टुलाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी हवालदार आले. मालकही धावत आले. ओळखपत्रं कॉम्प्युटरवर असतात हे कळल्यावर काउंटरसमोर उभं करून बाईंची चौकशी सुरू झाली.

"वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

"जो मागेल त्याला."

"म्हणजे कुणाला?"

"म्हणजे सगळ्यांना. सगळेच मागतात."

मालकांनी कपाळावर हात मारला. "तरी मी म्हणत होतो, बाईंना फार गप्पा लागतात." ते तसं कधीच म्हणत नव्हते. पण त्या क्षणी बाईंना वाटलं, खरंच आपल्या गप्पांपायी तर हे झालं नसेल? बोलता बोलता आपण कुणाजवळ काही बोलून गेलो का? एकटं माणूस स्वतःवर फार पटकन संशय घेतं. त्याच्या बाजूने बोलायला घरात दुसरं कुणी नसतं ना.

उशीवाल्याला खाली बोलावलं, तेव्हा मात्र उलगडा झाला. आधी तो उडवाउडवी करत होता. हवालदारांनी आवाज चढवल्यावर म्हणाला, "मी काही चोरी नाही केली. मोबाइलवरून प्रिंटर शोधत होतो, तर ह्यांच्या कॉम्प्युटरचं फोल्डर समोर आलं. सगळ्यांची ओळखपत्रं, फोन नंबरासकट, उघड्यावर पडलेली. मी बघितली, झालं."

हवालदार त्याला घेऊन गेले. मालक कुणाकडेही न बघता म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं." आणि तेही गेले. बाईंना उद्देशून कुणी काहीच म्हटलं नाही.

रात्रभर विचार करून बाई सकाळी आल्या आणि मालकांना त्यांनी फोन लावला. इतक्या वर्षांत कामाव्यतिरिक्त त्यांनी मालकांना फोन केला नव्हता.

"हे नीट करून घ्या. माहीतगार माणूस बोलवा."

"अहो, गेला ना तो माणूस. आता कशाला खर्च?"

"तर मग आजपासून मी कुणाचं ओळखपत्र घेणार नाही. घ्यायचं असेल तर तुम्ही येऊन काउंटरवर बसा."

मग मालक म्हणाले, "बघतो." आणि दोन दिवसांत नेटवाला आला.

नेटवाला बोलघेवडा, पण कामाचा पक्का. टेबलाखाली शिरून त्याने तारा तपासल्या, कॉम्प्युटर उघडून बघितला आणि च्यक् च्यक् केलं. "बाई, पाहुण्यांचे मोबाइल, तुमचं ऑफिस, कॅमेरे, प्रिंटर, सगळं एकाच नेटवर्कवर बसवलंय कुणीतरी. आणि फोल्डरला कुलूपच नाही. पासवर्ड तुम्ही देवाला जरी दिला असता तरी देवाला हे फोल्डर दिसलं असतं."

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"तुमची कशी? हे बसवणाऱ्याची."

बाई मान वळवून किल्ल्यांच्या फळीकडे बघत राहिल्या. हे वाक्य ऐकायला त्या वेळी दुसरं कुणी तिथे असायला हवं होतं.

नेटवाल्याने दोन वेगळी नेटवर्कं केली. एक ऑफिसचं, त्याचा पासवर्ड फक्त मालक आणि बाई ह्यांना. दुसरं पाहुण्यांचं. त्यातून इंटरनेट तेवढं मिळणार, ऑफिसचा कॉम्प्युटर दिसणार नाही आणि एका पाहुण्याचा मोबाइल दुसऱ्याला दिसणार नाही. पाहुण्याने फोनवर आपला नंबर टाकायचा, त्यावर कोड येईल, तो टाकला की सुरू. खोली सोडली की बंद. जुनी ओळखपत्रं बाईंनी स्वतः बसून पुसली, एकेक चेहरा बघत. औषधताईचं आलं तेव्हा थोडा वेळ थांबल्या. मग तेही पुसलं.

"आता तुमच्या डोक्याचा ताप गेला," नेटवाला पिशवी आवरताना म्हणाला. "आता कुणी तुम्हाला पासवर्ड विचारायला येणार नाही."

आणि खरंच कुणी आलं नाही. माणसं यायची, किल्ली घ्यायची, फोनमध्ये मान घालून कोड टाकत जिना चढायची. बाईंनी काही विचारलं तर मान वर करून "काय?" म्हणायची आणि पुन्हा खाली घालायची. एखादा मोबाइल नसलेला म्हातारा टॅबलेट घेऊन आला, तर त्याच्यासाठी काउंटरवरून कोडची चिठ्ठी काढून द्यायची सोय ठेवली होती. असा कुणी आला की बाई चिठ्ठी जरा सावकाशच काढायच्या. पण असे येतात किती?

आपणच हट्ट धरून हे करून घेतलं, आणि ते योग्यच झालं, ह्याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच कुणाकडे कुरकुर करायचीही सोय राहिली नव्हती.

पुढच्या महिन्यात औषधताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिला सांगावं असं बाईंना फार वाटायचं: तुमचं ओळखपत्र मी कुणाला दिलं नव्हतं, आता सगळं बंदोबस्तात आहे, या. ओळखपत्र पुसलं असलं तरी तिचा मोबाइल नंबर जुन्या बुकिंगमध्ये होता. समोर, दोन बटणांच्या अंतरावर. एकदा त्यांनी तो उघडलाही. मग मनात आलं, हा नंबर तिने खोली मिळावी म्हणून दिलाय. आपण तो आपल्या एकटेपणासाठी वापरला, तर त्या उशीवाल्यात आणि आपल्यात काय फरक? त्यांनी पान बंद केलं. त्यानंतरही अनेकदा हात तिकडे गेला आणि अनेकदा मागे आला.

थंडी संपता संपता बाईंच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. अक्षरं हलायला लागली, तशा एका दुपारी त्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर बॅग घेऊन, औषधताई बसली होती.

"बाई!" तीच आधी उठली. मग दोघी शेजारी बसल्या.

"मी त्या दिवशी फार बोलले तुम्हाला," औषधताई म्हणाली. "नंतर पोलिसांनी सांगितलं मला, कसं झालं ते."

"मग आला का नाहीत?"

"लाज वाटली. आणि खरं सांगू, भीतीसुद्धा वाटते. आता मी रात्री कुठे राहतच नाही. पहाटे निघते, संध्याकाळच्या बसने परत. जीव मेटाकुटीला येतो, पण झोप आपल्या घरात लागते."

"आता लॉजवर तसं काही होणार नाही. सगळं वेगवेगळं केलंय."

"केलं असेल हो. पण मनाचं काय?" तिने बॅगेचा पट्टा सारखा केला. "तुम्ही एक फोन करायचा होता, बाई. मी वाट बघितली. नंबर होता की तुमच्याकडे."

"तो लॉजकडे होता. मला तुम्ही दिला नव्हतात."

औषधताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे. इतक्यात नर्सने येऊन बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि मिटून बसायला सांगितलं.

"तुमचा फोन द्या," शेजारून आवाज आला. बाईंनी चाचपडत पिशवीतून काढून दिला. "हा माझा नंबर. मी टाकून देते आहे. मी देते आहे, कळलं? आता करा."

मग तिला आत डॉक्टरांचं बोलावणं आलं आणि बाईंना दुसऱ्या खोलीत नेलं. बाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर दुसरंच कुणी होतं. थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं, ते कोण हेही नीट कळलं नाही. भिंतीच्या आधाराने त्या रस्त्यापर्यंत आल्या आणि उन्हात डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या.

रविवारी त्यांनी फोन केला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, मुलगा काहीतरी ओरडत होता. "बाई, पाहुणे आलेत, मी करते नंतर हं," औषधताई म्हणाली. बाई म्हणाल्या, "हो हो, चालेल." त्या आठवड्यात फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात आला, बसमधून, आणि बस गावाबाहेर पडून आवाज तुटेपर्यंत दोघी बोलल्या. सासूचं, मुलाचं, डोळ्यांच्या चष्म्याचं.

आताही कधी तिचा येतो, कधी बाई करतात. मध्ये महिना जातो, जास्तही जातो. लॉजवर ती पुन्हा राहायला आलेली नाही. बाई नवा चष्मा लावून काउंटरवर बसतात, माणसं येतात, किल्ली घेतात आणि खाली मान घालून जिना चढतात.