कुलपात ठेवलेला दर्या

जयेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या घालत होतो. अलिबागच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना, मोठ्यानं. जेवायच्या आत येतो म्हणाला होता आणि उन्हं कलली तरी पत्ता नव्हता. फोन उचलला तो "कुठं मेलास रे" असं म्हणतच... पलीकडे जयेश नव्हता, त्याचा चुलतभाऊ होता. रेवदंड्याहून येताना मोटारसायकल खड्ड्यात गेली आणि मागून ट्रक आला. त्या खड्ड्याला भरती-ओहोटी येते, त्यात कोळंबी सापडते, असं मी दोन पावसाळे लोकांना हसत सांगत आलो होतो. जयेशच्या बाराव्याच्या आत तो बुजवला. इतकं गुळगुळीत डांबर मी नोकरीला होतो त्या मस्कतलाही पाहिलं नाही.

मी थापाड्या आहे हे तालुक्याला ठाऊक आहे; पण जयेशबद्दल सांगताना वरून मीठ टाकावं लागत नाही. बाप, नारायणकाका, कोळीवाड्यातला नावाजलेला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. आणि हा मुलगा असा की बोटीला नुसता हात लावला तरी ओकायचा. मासे त्याची वाट बघत बोटीमागून पोहायचे म्हणे. (बरं, एवढं मीठ टाकलं.) बापानं मग त्याला कॉम्प्युटर शिकायला धाडलं, आणि धक्क्यावर कुणी विचारलं की दुसरीकडे बघायला लागला. शिकून, पुण्यात नोकरी करून पोरगा परत आला, ते एकच खूळ घेऊन. बोटीवर जाता येत नाही ना, मग बोटीसाठी काहीतरी करायचं.

आमच्या किनाऱ्यावर तांडेल सगळं सांगेल, बायकोचं वय सांगेल, पण मासळी कुठं लागली ते सांगणार नाही. बोट गच्च भरून आली आणि कुणी विचारलं तर हात बरोबर उलट्या दिशेला जातो. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. यात कुणी कुणाला फसवत नाही, ती रीतच आहे. पूर्वी या जागा डोक्यात असायच्या. आता जीपीएसच्या डब्यात असतात, आणि दुसऱ्या बोटीवर जाणारा खलाशी निघताना मोबाईलनं त्यांचा फोटो मारतो. जयेश म्हणाला, मी असा प्रोग्रॅम करतो की तांडेलानं जागा लिहिली की ती कुलपात जाईल. चावी म्हणजे त्यानं मनात धरलेला परवलीचा शब्द. तो शब्द नसेल तर तांडेलाचा भाऊ काय, खुद्द जयेशलाही ती जागा दिसणार नाही.

प्रोग्रॅम पायथन भाषेत, आणि कुलूप घालणारी क्रिप्टोग्राफीची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बाहेरून आणायची. ती आणणं म्हणजे माझ्या दुकानात मांडलेलं लग्नच झालं. जयेशचा लॅपटॉप जुना, त्याला तयार बांधलेली लायब्ररी मिळेना. मग ती इथंच बांधायची, तर तिला रस्ट नावाची दुसरी भाषा हवी. रस्ट आणली तर सी भाषेचा कंपायलर हवा, तो आणला तर ओपनएसएसएलच्या फायली हव्यात. नवरीच्या मावशीच्या जावेचासुद्धा मान. मी म्हटलं, सगळं एकाच जागी कोंब आणि सुटका कर. तर म्हणतो, "सलीमभाई, तुमचं घरचं कपाट पाहिलंय मी. भाभी कशा राहतात तुमच्याबरोबर?"

त्याची पद्धत म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं एनव्हायर्नमेंट; जणू वेगळी खोली, तिच्यात त्या कामापुरत्याच लायब्ऱ्या. खोल्यांना नावं माशांची. मांदेली बिघडली, निवटी बिघडली. एक बिघडली की अख्खी पुसून नवी मांडायचा, चेहऱ्यावर सुरकुती न आणता. शेवटी जी उभी राहिली ती बोंबील. त्या खोलीत शिरलं की पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात तिचं नाव दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यानं मला खऱ्या बोंबलाचं कालवण खाऊ घातलं.

मग धक्क्यावर सोहळा झाला. मच्छीमार सोसायटीची मंडळी आधी फिदीफिदी हसली, मग एकेक तांडेल आला, डोक्यावर टॉवेल घेऊन, लॅपटॉपही टॉवेलाखाली घेऊन, एका बोटानं आकडे ठोकून गेला. नारायणकाकाही आले. जयेश प्रत्येक वेळी पाठ करून उभा राहायचा. बापाच्या वेळीसुद्धा.

शोकसभेत हीच मंडळी म्हणाली, किनाऱ्याचं रत्न हरपलं. खाली बसल्या बसल्या एकानं माझ्या कानात विचारलं, "ते सगळ्यांच्या जागांचं कुलूप एकदम कुठं उघडतं काय?"

त्यानंतर काही दिवसांनी नारायणकाका दुकानात आले. हातात जयेशची पाठीवरची बॅग. लॅपटॉपचा चुरा झाला होता, पण आतली डिस्क शाबूत होती. म्हणाले, "माझी जागा उघडून दे." मला वाटलं, जागा विसरले असतील. वय झालं होतं.

मी डिस्कवरून बोंबीलचा फोल्डर उचलून दुकानातल्या नव्या मशीनवर ठेवला. चालेना. तो असा उचलून नेता येत नाही, त्याच्या आत जुन्या मशीनचे पत्ते लिहिलेले असतात. खोली पुन्हा पायापासून बांधायला लागली. जयेशच्या यादीतल्याच लायब्ऱ्या, त्याच आवृत्त्या. नवं पायथन त्या आवृत्त्यांना ओळखेना. जुनं पायथन शोधून आणलं. पुन्हा रस्ट, पुन्हा सगळे मानपान. काका रोज मासळी उतरवून यायचे आणि बाकावर बसून पडद्यावरची लाल अक्षरं बघायचे.

"भांडतंय काय?"

"मागतंय, काका."

"मंग दे की काय पायजे ते."

जयेश हे मागणं दोन मिनिटांत पुरवायचा; मी त्याची यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

एका दुपारी ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव उमटलं... बोंबील. काकांनी परवलीचा शब्द ठोकला, कुलूप उघडलं. दुकानदाराच्या सवयीनं मी ते आकडे नकाशावर टाकले. भर दर्यात एक ठिपका. म्हटलं, "घ्या काका, तुमची जागा."

काकांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं खडक हाय," म्हणाले. "जाळं टाकलं तर चिंध्या होतील." मला वाटलं आकडे बिघडले. ते मान हलवत राहिले. "आकडं बराबर हायेत. मीच खोटं दिलं. त्याला पन खोटं दिलं. परक्याला सांगतात ना, तसं." मग म्हणाले, "समद्यांनीच दिलं असंल. कोन खरं देतंय?"

म्हणजे अख्ख्या बंदराच्या थापा त्या पोरानं जगातल्या सगळ्यात मजबूत कुलपात नीट ठेवल्या होत्या. मी जन्मभर थापा मारतो, पण या धंद्यात मी कोळीवाड्यापुढे काल जन्मलेलं पोर. हसू यायला हवं होतं. मला त्या टॉवेलांचा इतका राग आला की समोरचा कीबोर्ड भिंतीवर फेकावासा वाटला.

"त्याला ठाऊक होतं का?" मी विचारलं.

"न्हाय ठाऊक. त्यानं बघितलंच न्हाय कधी." मग कीबोर्ड आपल्याकडे ओढून म्हणाले, "आता खरं लिवतो. त्याच्या मशीनमधी खरं पायजे. तू तिकडं तोंड कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे एका बोटाचा आवाज. थांबत, विचार करत.

ते मशीन मी गिऱ्हाइकाच्या कामाला लावत नाही. कोपऱ्यात चालू असतं, ओळीच्या सुरुवातीला कंसात बोंबील, पुढे लुकलुकणारी खूण. काका अजून येतात, एखादी जागा आठवली की. त्यांची चप्पल दाराशी वाजली की मी हातातलं काम खाली ठेवतो आणि जयेशसारखा पाठ करून उभा राहतो.