सप्तककाकू

सप्तककाकू माणसाचा चेहरा नंतर बघायच्या. आधी तो कोणत्या सप्तकात बोलतो ते ऐकायच्या. खालच्या आवाजात बोलणारे मंद्रातले, बेताचे बोलणारे मध्यातले आणि ओरडणारे तारसप्तकातले. दूधवाल्यालाही त्यांनी हे शिकवलं होतं. "भैयाजी, मंद्र में बोलिए, बच्चे गा रहे हैं," असं त्यांनी म्हटलं की दुधात पाणी नसल्याची शपथसुद्धा तो बिचारा कुजबुजत घ्यायचा.

काकू मूळच्या मिरजेच्या. काका रेल्वेत गार्ड, बदली होऊन जयपूरला आलेले. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या त्या रेल्वे कॉलनीत आम्ही मराठी मुलं घरातही अर्धं हिंदीच बोलायचो. काकू आम्हाला संध्याकाळी पेटीवर गाणं शिकवायच्या. फी एकच, तासभर मराठीत बोलायचं.

छावणीतल्या लष्करी बँडचे सुभेदार, साताऱ्याकडचे, मुलीला गाण्याला सोडायला यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काकू, आमच्या ऑक्टेव्हमध्ये आठ सूर मोजत्यात. तुमच्या सप्तकात सातच. एक कुटं गेला?"

"कुठे जातोय? वरचा सा म्हणजे खालचाच सा, जिना चढून आलेला," काकू म्हणाल्या. "एकाच माणसाला दोनदा कशाला मोजायचं?"

सुभेदार हसले, पण पटलं नाही त्यांना. पुढे कित्येक महिने दारातच हा वाद चालायचा आणि आमची चहाची वेळ टळायची.

मी तेव्हा अकरा वर्षांची, जाड आवाजाची. शाळेच्या प्रार्थनेत बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. काकूंकडेही मी तेच करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी थांबवली.

"तुझा आवाज कुठाय?"

"काकू, मतलब... माझा आवाज खराब आहे."

त्यांनी बाकीच्यांना अंगणात पिटाळलं. पेटीवरचं बोट एकेक पट्टी खाली आणत त्या मला सा लावायला सांगत राहिल्या. एका पट्टीवर आवाज असा सहज लागला की मीच दचकले.

"सप्तक म्हणजे या 'सा'पासून त्या 'सा'पर्यंतचं अंतर," काकू म्हणाल्या. "ते कुठूनही सुरू करता येतं. तुझं इथून होतं, एवढंच."

त्या वर्षी गणपतीत मुलांचं गाणं आणि सुभेदारांचा बँड असा कार्यक्रम ठरला. काकूंनी एक गाणं मला एकटीला दिलं. सुभेदार म्हणाले, "माझी पोरं काळी पाच पट्टीतच वाजवत्यात. पोरीला जरा वर ओढा की."

"ओढली तर फाटेल. ती गाणार नसेल तर आमच्यातलं कोणीच गाणार नाही."

सुभेदार मुलीला घेऊन निघून गेले. मला वाटलं, माझ्यामुळे सगळं मोडलं. कार्यक्रमाच्या दिवशी माझं गाणं आलं तेव्हा बँड गप्प बसला आणि सुभेदार एकटेच क्लॅरिनेट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या पट्टीत वाजवायचा सराव त्यांनी आठवडाभर गुपचूप केला होता. माझा आवाज शेवटपर्यंत ठाम राहिला.

दोन वर्षांनी काकांची बदली अजमेरला झाली. तिथे काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. मी बाबांबरोबर भेटायला गेले, तेव्हा त्यांना बोलायची मनाई होती. त्यानंतर त्या बोलू लागल्या, पण गायल्या कधीच नाहीत. त्या दिवशी हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'गा.' मी गायले. थांबले की त्या पाटीवर खडू आपटायच्या. आमचा वर्ग सुरू झाला की हटकून बाहेर पडणारे काका उंबऱ्यावर बसून राहिले. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. दोघेही जन्मभराचे रेल्वेवाले, मनगटावर घड्याळं. आमची जयपूरची गाडी केव्हाच निघून गेली होती आणि दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.