काकाजींचा उजवा डोळा

काकाजी कुठलीही गोष्ट आधी ओलांडायचे आणि मग तिच्याकडे परत यायचे. धरमपेठेतलं माझं घर त्यांना दहा वर्षं माहीत होतं, पण त्यांची स्कूटर कधी सरळ माझ्या फाटकाशी थांबली असेल तर शपथ. दोन घरं पुढे जाणार, पाय टेकवत टेकवत मागे येणार आणि वर मलाच ऐकवणार, "थोडं पुढे जाऊन वापस या लागते गा. तवा कळते नेमकं कुठं थांबाचं ते."

ही खोड त्यांना लेन्सनं लावली होती. आमच्या दैनिकात ते फोटोग्राफर आणि मी क्रीडा पानाचा उपसंपादक. त्यांच्याकडे एक हातभर लांब लेन्स होती, दूरचं जवळ आणणारी. साठ सालानंतर कधीतरी मिशनच्या शाळेतला एक साहेब नागपूर सोडून गेला, त्याच्याकडून घेतलेली. काकूंनी तिच्यासाठी गोधडीच्या कापडाची पिशवी शिवली होती. ऑफिसात सगळे तिला चुलीची फुकणी म्हणत. काकाजी चिडत नसत. "तुमचं पान तिच्यावरच पेटते ना?" एवढंच म्हणायचे.

फोटो काढताना त्यांना पाहणं हा एक सोहळाच होता. उजवा डोळा कॅमेऱ्याला, जिभेचं टोक दातात, आणि डाव्या हाताची बोटं लेन्सच्या कड्यावर. कडं फिरवत चित्र स्पष्ट करायचे, आणखी फिरवून पुन्हा धूसर करायचे, मग केसभर मागे. "आला," असं हळूच म्हणायचे आणि खटका दाबायचे. मी एकदा विचारलं, आला हे कळतं कसं? म्हणाले, "त्याच्या पापन्या मोजता आल्या का समज, आला."

थापा वाटल्या ना? मलाही वाटल्या होत्या. पण कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीवर चढलेल्या एका रंगाऱ्याचा फोटो त्यांनी लांब रस्त्यावरून काढला, तो छापून आला आणि दुसऱ्या दिवशी एक बाई अंक हातात घेऊन थेट आमच्या ऑफिसात. "हे आमच्या घरचेच होत. मले म्हणे, खालीच काम हाय!" नवऱ्याचं बिंग फुकणीनं फोडलं होतं. काकाजींनी बाईंना मोठी प्रत करून दिली आणि नवऱ्याला काही बोलू नका म्हणून विनवणीही केली.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांचं मागणं एकच होतं, शेवटच्या दिवसापर्यंत मैदानावर जाऊ द्या. "टेबलाशी बसवलं तं मी मरून जाईन गा," असं ते हसत म्हणायचे, पण हसताना माझ्याकडे बघत नसत.

आणि ऑफिसात नवा कॅमेरा आला.

आपोआप फोकस करणारा! त्याच्याबरोबर आलेली छोटी लेन्स खर्र करून स्वतःच फिरायची. फुकणी बिचारी हातानं फिरवायची जात, पण सीताबर्डीच्या एका दुकानदारानं जोडायची रिंग दिली आणि ती नव्या कॅमेऱ्यावर घट्ट बसली. आता प्रश्न माहितीपुस्तिकेचा. ती इंग्रजीत, आणि ऑफिसात इंग्रजीचा जाणकार म्हणजे अस्मादिक. साठेक पानांची पुस्तिका. मी वीस पानं वाचली आणि ऐटीत निकाल दिला. "काकाजी, कडं हातानंच फिरवा. पण आतमध्ये कोपऱ्यात हिरवा दिवा लागेल. तो लागला की फोकस झाला. डोळे फोडायची गरजच नाही."

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खिडकीतून समोरच्या पानठेल्यावर रोखला. कडं फिरवलं. मागे घेतलं. पुन्हा फिरवलं. नेहमीचं "आला" काही येईना.

"हिरवा म्हनते झालं," ते म्हणाले, "अन् माहा डोळा म्हनते अजून नाही. आता कोनाचं आयकू?"

"हिरव्याचं. मशीन आहे ते, खोटं कशाला बोलेल?"

"अन् मी कायले खोटं बोलू?"

मी हसलो.

पुढच्याच आठवड्यात क्रिकेटचा सामना होता. फोटो टेबलावर आले आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. फलंदाज म्हणजे पांढरा ढग. आणि त्याच्या मागे मैदानाच्या भिंतीवर रंगवलेली खाद्यतेलाची जाहिरात अशी लख्ख, की डब्याच्या वजनाचा आकडा वाचता यावा. संपादक म्हणाले, "आपल्याला सामना छापायचा आहे की तेल विकायचंय?" सगळे खो खो हसले. मीही. काकाजी फोटो हातात धरून उभे होते. "हिरवा तं लागला होता ना," एवढंच पुटपुटले.

नंतर कॉलेजच्या मुलींची शर्यत. मुली धूसर, मागच्या कडुलिंबाचं पान न् पान वेगळं. नंतर एक जाहीर सभा. पुढारी धूसर, मागच्या मांडवाची शिलाई स्पष्ट. माझी मती गुंग झाली. कॅमेरा बिघडला म्हणावं, तर छोट्या लेन्सनं फोटो झकास येत होते. लेन्स म्हातारी झाली म्हणावं, तर भिंत आणि झाड कसं स्पष्ट आलं? जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलेलं, त्यामुळे ताडून पाहायलाही काही नव्हतं. मग उरलं काय? उरला म्हाताऱ्याचा डोळा. आधी एकानं म्हटलं, मग दोघांनी, मग सगळ्यांनीच.

"काकाजी, हिरव्याकडे नीट बघत नाही तुम्ही," मी दटावलं.

"पाह्यतो ना गा. हिरव्याकडे पाह्यलं का मानूस सुटते, अन् मानसाकडे पाह्यलं का हिरवा सुटते. एका डोळ्यानं किती पाहू?"

एकदा त्यांनी दिव्याला न जुमानता आपल्या मनानं कडं फिरवायला घेतलं. मी शेजारीच होतो. दिवा विझला तसा त्यांचा हातच थांबला. रस्ता चुकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही, दिवा लागू द्या. त्यांनी कडं पुन्हा हिरव्यावर आणलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून काही अडायचं कारण नाही. आता बघा, या वाक्याचे दोन तुकडे. ऑफिसनं पहिला ऐकला, दुसरा कोणी ऐकलाच नाही. खुद्द काकाजींनीही नाही. संपादकांनी त्यांना मैदानावरून काढून जुने फोटो लावायच्या टेबलाशी बसवलं. माणूस वाईट नव्हता. त्याला ती काळजीच वाटली.

महिनाभरानं काकाजी माझ्यासमोर कोरा कागद ठेवून बसले. "तुह्यं लिहिनं चांगलं हाय. राजीनामा लिहून दे. टेबलाशी नाही होत माह्याच्यानं."

मी अडवायला हवं होतं. पण मला खरंच वाटत होतं, की त्यांचे डोळे गेले. मी लिहिलं, 'दृष्टी क्षीण झाल्याने मी माझे काम समाधानकारकरीत्या करू शकत नाही.' काय ती भाषा! त्यांनी कागद हातभर दूर धरून वाचला. "क्षीन," ते म्हणाले. "शब्द चांगला हाय." आणि सही केली. त्या शब्दाची मला अजून लाज वाटते.

काकू आधीच वारल्या होत्या. काकाजी काटोलला मुलीकडे राहायला गेले.

चार महिन्यांनी कॅमेरा बंद पडला. बॅटरीचं काहीतरी होतं, म्हणून पुस्तिका पुन्हा माझ्याकडे आली. या खेपेला मी शेवटून उघडली. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक चौकट होती. लेन्सवरचा प्रकाशाचा आकडा ५.६च्या वर असेल, तर आत उजेड कमी जातो. अशा वेळी हिरव्या दिव्यावर विसंबू नये. डोळ्यानं पाहून फोकस करावा.

फुकणीच्या कड्यावर आठचा आकडा कोरलेला होता. मी तो शंभरदा पाहिला होता.

मी खुर्चीत बसून राहिलो. दिवा लागत होता, पण चुकीच्या जागी लागत होता. ती भिंत, तो कडुलिंब, ती मांडवाची शिलाई, सगळं हेच ओरडून सांगत होतं, आणि मला ते विनोद वाटले. त्या माणसाचा डोळा पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला म्हणाला होता, अजून नाही. आणि मी, इंग्रजीचा जाणकार, त्याला गप्प बसवलं. संपादकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरेरे. पण आता काय उपयोग?"

रविवारी पुस्तिका पिशवीत टाकून काटोलची बस धरली.

काकाजी ओसरीवर बसले होते. जावयाची संत्र्याची बाग, अंगणात फळांचे ढीग. माझा आवाज ऐकून खूष झाले. मुलीनं चहा आणला तो त्यांच्या हाताला लावून दिला, बोटं कपाभोवती वळवून. मी चमकलो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती वाजले गा?" समोरच्या भिंतीवर ताटाएवढं घड्याळ होतं.

"बाबा आता रस्ताही एकटे नाही ओलांडत," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणते, वाढलं नाही काही. पण हे आयकतच नाहीत."

मी चौकट वाचून दाखवली. मराठीत सांगितली. पुन्हा सांगितली. "काकाजी, तुमचा डोळा बरोबर होता. दिवा चुकत होता. आणि मी चुकलो. मी पुस्तिका पूर्ण वाचली नाही हो."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माहं मन राखाले इतक्या दूर आला," ते म्हणाले. "लय झालं गा."

"मन राखायला नाही! छापलंय इथं, बघा तुम्हीच."

"मी काय पाहू? मले जे दिसते ते हायच का, हेच आता कळत नाही." एक संत्रं उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "जाऊ दे. खा."

मी वाद घातला, चिडलो, जवळजवळ भांडलोच. ते नुसते हसत राहिले. परतीच्या वेळी मुलगी नको म्हणत असतानाही माझं मनगट धरून फाट्यापर्यंत सोडायला आले. आम्ही दोघं लिंबाखाली उभे राहिलो. रस्ता सरळसोट, लांबवर धूळ उठली. त्यातून काहीतरी लालसर येत होतं. बस की ट्रक, मला ओळखू येईना. माझी नजर तेव्हा चांगली होती.

काकाजी उजवा डोळा बारीक करून त्या धुळीकडे बघत होते.

"वरूड-नागपूर," ते म्हणाले. "जलद हाय. अन् पाटीचा खालचा कोपरा तुटला हाय." मग एकदम माझं मनगट घट्ट धरून घाबऱ्या आवाजात म्हणाले, "हाय ना गा? तू पाह्य बरं."

मला अजून नुसता लाल ठिपका दिसत होता. बस जवळ आली. वरूड-नागपूर, जलद. पाटीचा खालचा कोपरा तुटलेला होता.

"तुम्ही बरोबर वाचलं, काकाजी," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर."

"तू म्हनते तं असन," ते म्हणाले, आणि मी बसमध्ये चढलो तरी कोणीतरी घरी पोचवायला येईल म्हणून तिथेच उभे राहिले.