थोरला ॲम्प्लिफायर, धाकटा ॲम्प्लिफायर

“थांबा, आधी थोरल्याला गरम होऊ द्या,” म्हणत माझा शेजारी बोट वर करायचा, आणि खोलीतले सगळे मुकाट बसायचे. थोरला म्हणजे त्याचा भाऊ नव्हे, ॲम्प्लिफायर.

दीपनगरच्या कॉलनीत आमची भिंतीला भिंत. तो मूळचा जामनेरकडचा, नोकरी वीजकेंद्रात. त्याच्याकडे दोन ॲम्प्लिफायर होते. एक जळगावला मोडीत मिळालेला, जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, ते तापल्याशिवाय आवाज न देणारा. दुसरा धुळ्याहून आणलेला, नवा. आवाजाची वाटणी करणारा डबा त्यानं घरीच बनवला होता. बारीक आवाज थोरल्याकडे, ढोलकीचा जाड आवाज धाकट्याकडे. तुम्ही म्हणाल, दोन्ही सारखेच का नाही घेतले? मीही तेच म्हणायचो, आणि मुद्दाम चारचौघांत म्हणायचो. तो नुसता हसायचा.

धाकटा होता जोरकस. तो पुढे पळायचा आणि गाणारा बिचारा ढोलकीखाली दबून जायचा. म्हणून रोज संध्याकाळी दोघांचा मेळ बसवणं आलं. त्यासाठी त्याला कान हवे होते, आणि ते त्यानं आमच्या घरातून नेले. माझे वडील, नाना. पारोळ्याकडच्या गावात त्यांनी जन्मभर भजनात मृदंग वाजवला. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले आणि बोलेनासेच झाले. भिंतीपलीकडून मात्र त्यांचा आवाज खणखणीत ऐकू यायचा.

“नाना, कोण पुढे पळतंय?”

“धाकला! आवर त्याले!”

“आता?”

“आते बरं शे. दोन्ही भाऊ संगे चाली ऱ्हायनात.”

माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाप माझा, आणि बोलायचा त्याच्याशी! शेवटी मी मुंबईहून नवाकोरा सेट आणला. सगळं एकाच कंपनीचं, मेळ बसवायची भानगडच नाही. नानांनी अख्खा अभंग ऐकला, “चांगलं शे,” म्हणाले आणि टोपी घालून उठले.

“नाना, आठे काय कमी शे?” मी विचारलं.

“कमी काहीच नही. मंग आठे मनं काय काम?” माझ्या सेटपुढे त्यांना करायला कामच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याला गाठलं. म्हटलं, “धाकट्याच्या आवाजाच्या बटणावर रंगाची एक खूण करून टाका ना. रोजची कटकट मिटेल.”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खूण केव्हाच केलीय हो. नानांना मात्र सांगू नका.”

त्या क्षणी तो मला आवडला, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग आला. हे मला का सुचलं नाही?

पुढे त्याची बदली झाली. थोरला आणि धाकटा गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये चढले. निघताना तो नानांच्या पाया पडला. “नाना, तिकडे कोणाला विचारू?” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला नानांनी टोपी घातली, आणि जाऊन त्याच्या दारातल्या पायरीवर बसले. दाराला कुलूप होतं. मी घाईघाईनं माझा सेट लावला, खिडक्या उघडल्या, त्यांच्या आवडीचा अभंग मोठ्यानं सोडला. त्यांनी मान वळवली नाही. बोटं गुडघ्यावर चालली होती, पण ठेका माझ्या अभंगाचा नव्हता.

मी दारात उभा राहून बघत होतो. मला त्या बंद घराचाही हेवा वाटला.