भावजींनी देवाला सांगितलेला धंदा

वासूभावजी गेल्याची बातमी मला मांद्र्याच्या एका बंगलेवालीने दिली, आणि तीही तक्रार म्हणून. सकाळीच फोन आला. आज तुमचा माणूस आला नाही, हिरवळीवर कुत्र्याची घाण तशीच पडलीय, आणि त्याच्या फोनवर कोणी बाई नुसती रडतेय... ती रडणारी बाई माझी थोरली बहीण होती. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, भावजी खाटेवर निपचित होते आणि धुतलेल्या बालद्या टेम्पोत चढवून ठेवलेल्या होत्या. छातीत दुखतंय म्हणून आदल्या दिवशी एका शब्दाने बोलले असते तर! पण नाही. सांगायचं तिथे गप्प बसायचं आणि गप्प बसायचं तिथे तोंड उघडायचं, हा त्यांचा जन्माचा स्वभाव.

भावजींचा एक टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता. सुर्ल्याच्या खाणीवरून माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर ओतायचा, तिथून तो बार्जने मुरगाव बंदरात जायचा. मी त्याच टिपरवर दुसरा ड्रायव्हर. खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला आणि आमची दोन्ही घरं बसली. त्याच सुमारास पेडण्याच्या किनाऱ्याला बंगले उठत होते. बंगल्यात माणसं दोन आणि कुत्री चार. त्या घाणीला हात लावायला माळी तयार नव्हते. "ह्यो धंदो आपल्याकडसून कोण काडून घेवचो नाय," भावजी म्हणाले. खोरं, हातमोजे, झाकणाच्या बालद्या आणि एक जुना तीनचाकी टेम्पो, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. गोळा केलेलं सगळं आमच्या बागायतीच्या टोकाला खोल खड्ड्यात पुरायचं आणि वर चुना टाकायचा.

पण आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. मूर्तीला उजवीकडे-डावीकडे फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "साफसफाईचा धंदा" एवढंच बोला, असं मी भावजींना पढवून नेलं. उजवी पडली. विषय संपला... असं मला वाटलं. दोन्ही घरांच्या चुली पेटल्या, भाची नर्सिंग शिकायला गेली, मी सासरी बागकामाचं कंत्राट आहे म्हणून सांगत होतो आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी चुना टाकता टाकता भावजी थांबले.

"देवाक आपण अर्धांच सांगलां रे."

"देवाक सगळां कळता, भावजी."

"कळता तर सांगूक लाज कित्याक?"

देवळात जाऊन सगळं सांगायचं त्यांनी ठरवूनच टाकलं. मी हात जोडले, बहिणीने अबोला धरला, पण दगडावर पाणी! बरं, जायचंच तर एखाद्या रिकाम्या दुपारी जावं. हे गेले सोमवारी, देऊळ गच्च भरलेलं असताना. कोणी लग्नाचं विचारत होतं, कोणी जमिनीच्या वादाचं. भावजींची पाळी आली आणि खणखणीत आवाजात त्यांनी सुरू केलं, "देवा, मागच्या खेपेक साफसफाई म्हणान सांगलां, तां अर्धां. मी लोकांच्या कुत्र्यांचो गू उचलतंय. चलता जाल्यार उजवी दी. नाय तर उद्यापासून बंद."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुजाऱ्यांनी डोळे वटारले, "हंय असलां बोलूचां न्हय."

"मग खंय बोलू?"

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. डावी पडली असती तर या माणसाने खरोखरच खोरं टाकून दिलं असतं. दोन घरांचं जेवण त्या एवढ्याशा लाल पाकळीला चिकटून होतं. शेवटी पुजारी म्हणाले, पुढच्या सोमवारी या. म्हणजे तोवर काम बंद! बंगलेवाल्यांचे फोन मी घेतले, बोलणी मी खाल्ली आणि भावजी आपले निवांतपणे माडांना पाणी घालत होते. पुढच्या सोमवारी तेच शब्द, तेवढ्याच मोठ्याने. या वेळी उजवी लगेच पडली. देवही कंटाळला असावा. बहीण खांबाला टेकून रडली, आणि माझ्या सासरी बागकामाचं बिंग मंगळवारीच फुटलं.

आता काम मी एकटाच करतो. बंद कर, असं बहीण म्हणते, पण भाचीचं शेवटचं वर्ष राहिलंय. गेल्या आठवड्यात डिचोलीच्या एका नव्या वसाहतीतून बोलावणं आलं. फाटकावरचा रखवालदार निघाला सुर्ल्याचा, खाणीच्या दिवसांतला ओळखीचा. तेव्हा मी त्याच्या अंगावर धूळ उडवत टिपर न्यायचो. त्याने आनंदाने विचारलं, "आतां कितें काम करता रे?" ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी अजून बागकामच सांगतो, तो शब्द जिभेवर तयारच होता... पण तोंडातून निघालं, "कुत्र्यांचो गू उचलतंय." तेही चांगलं मोठ्याने. मनातल्या मनात मी भावजींना एक शिवी हासडली.

"बरें," रखवालदार म्हणाला, "फाटल्या बंगल्यांकडे खूब आसा, पयलीं थंय वच." आणि मागच्या रांगेकडे बोट दाखवून त्याने फाटक उघडलं.

मी टेम्पो आत घेतला आणि इंजिन बंद करून तसाच बसून राहिलो. खरं सांगितलं आणि फाटक उघडलं, एवढंच झालं होतं. हे भावजींना आजच्या आज सांगायला हवं होतं, आणि सांगायला भावजीच नव्हते.